ट्रक माझा, पण मालक कोण?

गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून आमच्या घरात एक विषय चहासारखा रोज दोनदा निघायचा. मी नोकरी सोडून स्वतःचा ट्रक घ्यावा का? हो, बरोबर वाचलंत, ट्रक. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, वय छत्तीस. सांगलीत शिकलो, पुण्यात चार वर्षं कोडिंग केलं आणि गेली नऊ वर्षं मेलबर्नमध्ये तेच करतोय. शहराच्या पश्चिमेला टार्निटमध्ये घर आहे, मुलगी दुसरीत आहे आणि घराच्या कर्जाची अजून बावीस वर्षं बाकी आहेत. अशा माणसाला हे खूळ कुठून लागलं, असं आईनं सांगलीहून विचारलं, सासऱ्यांनी पुण्याहून विचारलं आणि इथल्या गणेशोत्सवात मोदकाचं ताट हातात धरून निदान पाच जणांनी विचारलं.

उत्तर फार गुंतागुंतीचं नाही. आमच्या टीममध्ये अठरा जण होते, आता सात आहोत. प्रत्येक कपातीनंतर उरलेल्यांना गोड शब्दांत एक ईमेल येतो आणि कामाचं ओझं वाढतं. आता अर्धा कोड मशिन लिहितं आणि मी तो तपासत बसतो. उद्या तपासायलाही मी लागेन का, कोण जाणे. रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन माझाच वाजतो. त्यामुळे रात्रपाळीची भीती मला दाखवण्यात फारसा अर्थ नव्हता.

शिवाय टार्निटला राहायचं आणि ट्रक पाहायचे नाहीत, हे शक्यच नाही. शेजारी ट्रुगनिना, लॅव्हर्टन नॉर्थ, डेरिमट. जिकडे बघावं तिकडे क्रिकेटच्या मैदानापेक्षा मोठी गोदामं आणि त्यांच्या दारात लागलेल्या ट्रेलरच्या रांगा. आमच्या गल्लीत चार घरं पंजाबी ट्रकवाल्यांची आहेत. त्यांच्या मुलांच्या वाढदिवसाला गेलो की गप्पा डिझेलच्या, टायरच्या आणि कुठल्या कंपनीचे पैसे वेळेवर येतात त्याच्या. तिथे कुणी 'शिकून ट्रक चालवतोस?' असं विचारत नाही. हा प्रश्न फक्त आपल्यात विचारला जातो. ट्रक चालवणं कमीपणाचं मानलं जात नाही, अशा देशात राहूनही आपण पुणेरी डबा सोबत घेऊनच फिरतो, त्याला काय करणार!

तसं बघितलं तर या देशाच्या वाळवंटातून माल वाहणारी सुरुवातीची माणसं आपल्याच उपखंडातून आली. १८६० मध्ये कराचीहून मेलबर्नला उंट आणि ते हाकणारे आले. पुढं अनेकांनी स्वतःचे उंटांचे तांडे उभे केले. इथले लोक त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे. लोकर, धान्य, खाणीचं सामान, सगळं त्यांच्या उंटांवरून जायचं. मग मोटार ट्रक आले आणि तो धंदा संपला. त्यांच्या आठवणीतून नाव पडलेली 'द घॅन' रेल्वे मात्र अजून धावते.

आमच्या घरातही ट्रक नवा नाही. माझ्या थोरल्या काकांची नव्वदच्या दशकात सांगलीत टाटाची गाडी होती. सांगलीहून हळद वाशीच्या मार्केटला न्यायची आणि येताना खत किंवा सिमेंट मिळालं तर आणायचं. दारावर 'मालक' म्हणून काकांचं नाव आणि खाली 'चालक' म्हणूनही त्यांचंच. इथल्या 'ओनर-ड्रायव्हर'ला याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही: मालक-चालक. काका आता पंचाहत्तरीत आहेत. मी फोनवर विषय काढला तेव्हा ना हसले, ना रागावले. एवढंच विचारलं, "येताना भाडं कोण देणार?" मग म्हणाले, "गाडी फिरली तर पोसते, उभी राहिली तर खाते. किती दिवस उभी राहील ते आधी मोज."

मोजायला सुरुवात लायसन्सपासून केली. इथे ट्रकचं लायसन्स एकच नसतं. साध्या कारच्या लायसन्सवर साडेचार टनांपर्यंतची गाडी चालते. त्यापुढं वजन आणि आसांप्रमाणे पायऱ्या आहेत. तीन आसांचा मोठा, एकसंध ट्रक म्हणजे एचआर. मागं ट्रेलर जोडला की एचसी. दोन ट्रेलरचा बी-डबल किंवा वाळवंटातली रोड ट्रेन असेल तर एमसी. एका वर्गातून वरच्या वर्गात जायचं तर मधे ठरावीक काळ थांबावं लागतं. मी एचआर केलं. शिकवणारा गृहस्थ साठीचा, त्याला क्लचचा आवाज ऐकूनच माझा स्वभाव कळत असावा. जुन्या पद्धतीच्या, सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्सवर परीक्षा दिली तरच लायसन्सवर गिअरची अट पडत नाही, म्हणून तीच निवडली. डबल क्लच काय असतो ते काकांनी मला व्हॉट्सॲपवर समजावलं. नऊ हजार किलोमीटरवरून!

खरा धडा मिळाला तो शेजारच्या पाजींकडून. त्यांचा स्वतःचा प्राइम मूव्हर आहे, म्हणजे नुसतं पुढचं इंजिन आणि केबिन. मागचा ट्रेलर कंपनीचा. रोज रात्री मेलबर्नहून निघायचं, ह्यूम हायवेनं टारकटा गाठायचं, तिथं सिडनीहून आलेल्या गाडीशी ट्रेलरची अदलाबदल करायची आणि सकाळी घरी. मेलबर्न ते सिडनी साधारण ८८० किलोमीटर आणि टारकटा जवळजवळ मधोमध. या अदलाबदलीमुळे दोन्हीकडच्या ड्रायव्हरला आपापल्या घरी झोपायला मिळतं. एका शुक्रवारी रात्री मी त्यांच्यासोबत गेलो.

ट्रुगनिनाच्या गोदामात आठला माल चढायचा होता. चढला सव्वादहाला. का उशीर झाला हे कुणी सांगितलं नाही, विचारायची पद्धतही दिसली नाही. पाजींना पैसे फेरीवर मिळतात, तासावर नाही, म्हणजे ते सव्वादोन तास फुकट गेले. पण गोष्ट तिथं संपत नाही. इथल्या जड वाहनांच्या कायद्यात ड्रायव्हरच्या थकव्याचे नियम फार काटेकोर आहेत. एकट्या ड्रायव्हरला साधारण नियमानुसार चोवीस तासांत जास्तीत जास्त १२ तास काम करता येतं आणि सलग ७ तासांची विश्रांती घ्यावीच लागते. सात दिवसांत ७२ तासांच्या वर काम नाही. सव्वापाच तास काम झालं की निदान पाव तास थांबायचं. तळापासून १०० किलोमीटरच्या पलीकडे गेलात की हे सगळं वर्क डायरीत लिहायचं. आणि काम म्हणजे फक्त स्टिअरिंग नव्हे. रांगेत थांबणं, माल चढताना हजर असणं, पट्टे आवळणं, हेही काम. म्हणजे गोदामवाल्यानं सव्वादोन तास घेतले की पाजींच्या बारा तासांतले सव्वादोन गेले. पैसे मिळाले नाहीत आणि वेळही कायद्यानं संपला.

पट्टे आवळून झाल्यावर पॅलेटचे कागद. इथं माल ज्या निळ्या लाकडी पॅलेटवर रचतात ती विकत मिळत नाही, भाड्यानं असते, आणि कुणाकडून कुणाकडे गेली त्याची नोंद ठेवावी लागते. नोंद राहिली की भाड्याचं मीटर तुमच्या नावावर चालू. पाजींनी चष्मा लावून एकेक आकडा तपासला. मी आयुष्यात एवढ्या काळजीनं कोड रिव्ह्यू केलेला नाही.

रस्ता सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. हॉलब्रुक गाव वळणानं बाजूला पडल्यापासून, म्हणजे २०१३ पासून, ह्यूम हायवे पूर्ण दुपदरी-दुतर्फा झाला. मध्यरात्री चांदण्यात शंभरच्या वेगानं ते धूड एका लयीत चालतं तेव्हा माझ्यासारख्या माणसाला वाटतंच की हे आपल्याला जमेल, आवडेल. मग टारकटा येतं. तिथं ट्रक ड्रायव्हरांचं स्मारक आहे. रस्त्यावर काम करताना गेलेल्यांची नावं भिंतीवर लिहिली आहेत. पाजी दर वेळी तिथं थांबत नाहीत. त्या रात्री थांबले, बहुतेक माझ्यासाठी. दोन नावांवर त्यांनी बोट ठेवलं. त्यांच्याबद्दल नंतर परतीच्या वाटेवरही ते काही बोलले नाहीत.

पाजींचं बरं चाललंय. घर आहे, दुसऱ्या गाडीचा विचार आहे. मी विचारलं, मग माझा हिशेब का जुळत नाही? तर त्यांचं गणितच वेगळं. रात्री ते स्वतः टारकटाला जातात, दिवसा धाकटा भाऊ त्याच गाडीनं बंदरातले कंटेनर ओढतो. दोघांचे तास वेगळे, गाडी एकच. हप्ता, विमा, नोंदणी हा जो खर्च गाडी उभी असतानाही चालू राहतो, तो दोन माणसांच्या कामावर विभागला जातो. शिवाय काम दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून येतं. एकानं उद्या नको म्हटलं तरी चूल विझत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्यांनी आधी काम पक्कं केलं, मग गाडी घेतली. जाहिरातीतला चकचकीत ट्रक आधी पसंत करून मग काम शोधणारे चार जण त्यांनी मला नावानिशी मोजून दाखवले.

माझ्यासमोर जो प्रस्ताव होता तो असा. एक मध्यम आकाराची वाहतूक कंपनी, नाव लिहीत नाही, शहरातल्या शहरात माल पोचवायला मालक-चालक शोधत होती. बारा पॅलेटचा ट्रक मी घ्यायचा. दर तासाला ७२ डॉलर. त्यात गाडी, डिझेल, ड्रायव्हर सगळं आलं. पहिला माल उचलल्यापासून शेवटचा उतरवेपर्यंतचे तास मोजायचे. पैसे बिल दिल्यापासून तीस दिवसांनी. मॅनेजर फोनवर म्हणाला, "पंचेचाळीस-पन्नास तास तर आरामात होतात." ७२ गुणिले ४५ म्हणजे आठवड्याला ३,२४० डॉलर! माझ्या पगाराच्या वर! हा आकडा मी कागदावर लिहिला आणि दोन दिवस तो फ्रिजवर चिकटलेला होता.

तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याच्याखाली वजाबाकी सुरू केली. ती अकाउंट्सवाली, तिला वरची ओळ कधी आवडतच नाही. हे आकडे आमचे आहेत, आम्हाला मिळालेल्या कोटेशनवरून काढलेले. तुमचे वेगळे येतील. सात वर्षं वापरलेली गाडी १,१५,००० डॉलरला. वीस टक्के आपले घालायचे, उरलेल्या ९२,००० वर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज. हप्ता आठवड्याला ४४१. गाडीचा, मालाचा आणि तिसऱ्या पक्षाचा विमा, नोंदणी आणि गाडी लावायची जागा मिळून २९०. हो, जागेलाही पैसे, कारण इथं साडेचार टनांवरची गाडी वस्तीतल्या रस्त्यावर तासाभराहून जास्त लावता येत नाही. टार्निटच्या आपल्या दारात ट्रक उभा करून फुलांचा हार घालायचं चित्र तिथंच पुसलं. अकाउंटंट आणि फोन ४०. हे ७७१ डॉलर गाडी हलली नाही तरी जाणार. गाडी हलली की डिझेल ४५० (जीएसटी आणि इंधनकराचा परत मिळणारा भाग वजा करून), टायर आणि सर्व्हिसिंग २००, टोल १५०. एकूण १,५७१.

३,२४० मधून हे गेले की उरले १,६६९. तरी चांगले वाटतात ना? थांबा. वर्षाचे आठवडे ५२, पण सुट्ट्या, आजारपण, गाडी गॅरेजमध्ये असण्याचे दिवस धरले तर कामाचे ४६. उरलेल्या सहा आठवड्यांत कमाई शून्य आणि ७७१ चालूच. वर्षाअखेर हातात ७२,१४८. यातून स्वतःची सुपर, म्हणजे इथला प्रॉव्हिडंट फंड, स्वतःच भरायची. नोकरीत मालक पगारावर १२ टक्के वेगळे भरतो, तितकेच बाजूला काढले तर उरतात साधारण ६४,४००. आता तास मोजा. पंचेचाळीस तासांचे पैसे, पण गाडी आणायला-लावायला जाणं, डिझेल भरणं, धुणं, गॅरेज, बिलं, दर तिमाहीचं जीएसटीचं विवरण धरून आठवड्याचे पंचावन्न तास. भागाकार केला तर तासाला साडेपंचवीस डॉलरच्याही आत. ऑस्ट्रेलियातलं राष्ट्रीय किमान वेतन जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर आहे.

म्हणजे सव्वा लाखाच्या घरातली गाडी घ्यायची, घर गहाण टाकण्याइतकी जोखीम उचलायची आणि मिळवायचं किती, तर दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोराएवढं. पाच वर्षांनी गाडी माझी होईल हे खरं, पण तेव्हा तिचं वय बारा असेल. तिला ४५,००० आले तरी त्यात आधी घातलेले माझे २३,००० वजा करा. वर्षाला साडेचार हजारांची भर. त्यानं चित्र पालटत नाही.

तरीही माझा जीव त्यातून निघत नव्हता, हे कबूल करायला हरकत नाही. मी म्हणायचो, तास वाढतील, दर वाढेल, दुसरी गाडी घेऊ. तेव्हा बायकोनं कराराचं पान समोर ठेवलं. व्हिक्टोरिया राज्यात मालक-चालकांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. काम देणाऱ्यानं लेखी करार द्यायचा, त्यात किमान तास किंवा किमान उत्पन्न, दर आणि नोटिशीची मुदत लिहायची. सोबत सरकारनं काढलेली माहितीपुस्तिका आणि खर्चाचं कोष्टकही द्यायचं. साडेचार टनांवरच्या गाडीला तीन महिन्यांची नोटीस. कायदा चांगला आहे आणि या कंपनीनं तो पाळला होता. करारात किमान तासांचा रकाना व्यवस्थित भरलेला होता: आठवड्याला २०.

खात्री वीस तासांची आणि गप्पा पन्नास तासांच्या! वीस तासांचा हिशेब आम्ही पाच मिनिटांत केला. १,४४० मिळणार, उभा खर्च ७७१, चालता खर्च साधारण ३५६. उरतात ३१३ डॉलर. आठवड्याला. आमचा घराचा हप्ता त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

आता कुणी म्हणेल, कंपनी काम कशाला कमी करेल? करेल असं नाही. पण करायचं ठरवलं तर मी काय करू शकतो, हे पाहायला मी जुन्या निकालांत शिरलो. कोडची सवय असलेल्याला कायद्याची भाषा फार परकी वाटत नाही. दोन्हीकडे स्वल्पविराम महत्त्वाचा. त्यात मला २०२२ चा इथल्या हायकोर्टाचा निकाल सापडला. इथं हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय. खटल्याचं नाव झेडजी ऑपरेशन्स विरुद्ध जमसेक.

दिव्यांचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत दोन ड्रायव्हर १९७७ पासून नोकरीला होते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर कंपनीनं त्यांना सांगितलं, नोकरी सोडा, आमचे ट्रक विकत घ्या आणि कंत्राटदार म्हणून काम करा. नाहीतर काम राहील याची खात्री नाही. दोघांनी बायकोसोबत भागीदारी संस्था काढली, ट्रक घेतले आणि तीच कामं चालू ठेवली. ट्रकवर कंपनीचं चिन्ह, अंगावर कंपनीचे कपडे, पहाटे सहापासून दुपारी तीनपर्यंत नेमाचं काम. दुसरं गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. असं २०१७ पर्यंत चाललं. काम बंद झाल्यावर त्यांनी दावा केला की आम्ही खरं तर नोकरच होतो, आमच्या रजेचे, सुपरचे पैसे द्या. फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठानं २०२० मध्ये त्यांचं म्हणणं मान्य केलं. ९ फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टानं ते उलटवलं. करार लेखी आहे, त्यात ट्रक यांचा आहे, तेव्हा हे स्वतंत्र व्यावसायिक. संपलं.

हा निकाल मी रात्री एकला वाचला आणि झोप उडाली. तीसहून अधिक वर्षं! माझं वय छत्तीस. ट्रकवर माझं नाव 'मालक' म्हणून लागेल, पण कामाची वेळ, रस्ता, दर, गिऱ्हाईक यांपैकी काय माझं असेल? काकांकडे निदान एवढं होतं की वाशीच्या व्यापाऱ्याशी पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचा गूळ भरायचा.

त्यानंतर कायदा बदलला आहे, हेही सांगितलं पाहिजे. ऑगस्ट २०२४ पासून कोण नोकर आणि कोण कंत्राटदार हे ठरवताना फक्त कराराचा कागद न पाहता प्रत्यक्ष काय चालतं ते पाहायचं, असं संसदेनं ठरवलं. वाहतूक क्षेत्रासाठी किमान अटी ठरवण्याचे अधिकार फेअर वर्क कमिशनला मिळाले. पण इथल्या मालक-चालकांना 'किमान दर' या शब्दाचीही धास्ती आहे आणि तिला कारण आहे. २०१२ मध्ये रस्ता सुरक्षेसाठी एक खास न्यायाधिकरण स्थापन झालं होतं. दर कमी म्हणून ड्रायव्हर जादा तास चालवतो, थकतो आणि मरतो-मारतो, म्हणून दरच ठरवून द्या, असा विचार. टारकटाची भिंत पाहिलेल्या कुणालाही तो पटेल. २०१६ मध्ये त्यांनी मालक-चालकांसाठी किमान दराचा आदेश काढला आणि गंमत बघा, विरोधात रस्त्यावर उतरले ते हजारो मालक-चालकच! कारण दर फक्त त्यांना लागू होता. त्यामुळे काम देणारे त्यांना सोडून पगारी ड्रायव्हर असलेल्या मोठ्या कंपन्यांकडे वळू लागले होते. ट्रकांचे ताफे कॅनबेराला गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये संसदेनं न्यायाधिकरणच बरखास्त केलं. माझ्या मते आदेश अर्धवट होता, पण रोग खरा होता आणि तो अजून आहे. पाजींचं मत नेमकं उलट. आम्ही यावर टारकटा ते अल्बरी भांडलो.

इथं भारतातल्या तरुण वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण गावाकडून मला यावर मेसेज येतात. ऑस्ट्रेलियात ट्रक ड्रायव्हर हवे आहेत हे खरं, पण हा व्यवसाय सर्वसाधारण कुशल स्थलांतराच्या यादीत बसत नाही. 'ट्रक ड्रायव्हरचा पीआर करून देतो' म्हणून कुणी लाखो रुपये मागत असेल तर आधी सरकारी संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचा. आणि जे इथं कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर आहेत त्यांनी माझ्यासारखा विचार करण्यापूर्वी आपल्या व्हिसावर कोणतं काम करता येतं ते पाहावं. मी नागरिक आहे म्हणून हा खेळ मांडू शकलो.

कंपनीला मी दोनच प्रश्न पाठवले. किमान तास वीसऐवजी चाळीस करता का? आणि रिकाम्या वेळात त्याच गाडीनं दुसऱ्याचं काम केलेलं चालेल का? उत्तर सभ्य होतं. पहिल्याला, सध्याच्या धोरणात बसत नाही. दुसऱ्याला, गाडीवर आमचं चिन्ह असल्यानं परवानगी देता येत नाही. मी आभार मानून नकार कळवला. फ्रिजवरचा कागद बायकोनं काढला आणि मागच्या बाजूला वाण्याची यादी लिहिली.

नोकरी चालू आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी. पण एचआर लायसन्स खिशात आहे आणि एका एजन्सीतर्फे मी शनिवारी पगारी ड्रायव्हर म्हणून जातो. तासाला ३८ डॉलर आणि सुपर वेगळी. थांबावं लागलं तर त्या तासांचेही पैसे मिळतात. वर्षभरात एचसी करायचं आहे. पाजींचा भाऊ पुढच्या वर्षी पर्थला जाणार म्हणतोय, तेव्हा दिवसपाळीला त्यांच्या गाडीवर माणूस लागेल. बंदराचं ते काम त्यांच्याकडे लेखी आहे, मी कागद पाहिला आहे. तेव्हा अर्धी गाडी घेण्याचा विषय निघेल, आणि बायको पुन्हा कॅल्क्युलेटर काढेल.

आईनं परवा विचारलं, "मग ट्रक घेतलास का?" म्हटलं, नाही, चालवतो फक्त. तिला हे जास्तच वाईट वाटलं. मालक असतो तर निदान चारचौघांत सांगता आलं असतं! काकांना मात्र शनिवारचा एक फोटो पाठवला होता: पहाटे चार, लॅव्हर्टन नॉर्थ, पिवळं जॅकेट, मागं पांढरा ट्रक. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि मागचा डावा टायर झिजलाय म्हणून कळवलं. मी पाहिलं तर खरंच झिजला होता. डेपोत सांगितलं, त्यांनी दुसरी गाडी दिली, आणि टायरचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.